सिॲटलची भाऊबंदकी : प्रस्तावना

माझ्या उमेदीची सारी वर्षे दिवाणी न्यायालयाच्या दफ्तरात गेली. शिरस्तेदाराच्या टेबलावरून जे दावे पुढे सरकत त्यांत वाटणीच्या दाव्यांचा भरणा सर्वांत अधिक असे, आणि त्यांच्या फिर्यादी, कैफियती व जबान्या वाचता वाचता एक गोष्ट माझ्या मनात पक्की रुजली. ती अशी की, ज्या मिळकतीपायी दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या घरचे पाणी पीत नाहीत, त्या मिळकतीतील आंब्याच्या कोणत्या फांदीला आधी मोहर येतो, विहिरीला वैशाखात किती पुरुष पाणी उरते आणि बांधावरची बाभूळ कोणत्या साली कोणी तोडली, ह्याची जी बारीक माहिती त्या भांडणाऱ्यांना असते ती निर्वेध उपभोग घेणाऱ्या एकुलत्या वारसाला कधीही नसते. प्रस्तुत पुस्तकाचे हस्तलिखित वाचताना मला त्या जबान्यांची पदोपदी आठवण झाली. पुस्तक माझ्या दोन भाच्यांनी मिळून लिहिले आहे. 'मिळून' हा शब्द मी काहीशा संकोचानेच वापरतो, कारण एका प्रकरणात एकाने मांडावे आणि पुढच्यात दुसऱ्याने ते मोडून काढावे असाच सबंध ग्रंथाचा घाट आहे. वादाचा विषय, अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील सिॲटल ह्या बंदराच्या शहरातून १९९० च्या आगेमागे जगभर पसरलेले 'ग्रंज' नावाचे संगीत, आणि त्यातला कोणता बँड श्रेष्ठ व कोणते गाणे अव्वल, हा. ख्याल आणि नाट्यगीत ह्यांवर पोसलेल्या माझ्यासारख्या माणसाने ह्यात का पडावे, असे मी विचारले तेव्हा धाकटा म्हणाला, "मामा, तू जन्मभर भांडणेच वाचलीस, मग आमचेच काय वावडे?" ह्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

ग्रंज ह्या शब्दाचा अर्थ मळ, कळकटपणा. मार्क आर्म ह्या तरुणाने १९८१ साली सिॲटलच्या एका छोट्या नियतकालिकाला पत्र लिहून स्वतःच्याच बँडची यथेच्छ निंदा केली आणि त्या निंदेत हा शब्द वापरला. पुढे ज्या शब्दाच्या बळावर कंपन्यांनी लक्षावधी डॉलर मिळवले तो प्रथम असा थट्टेने, स्वतःच्या अंगावर चिखल उडवावा तसा उच्चारला गेला होता, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. ह्या संगीताची जातकुळी सांगायची तर, ब्लॅक सॅबाथसारख्या बँडची जड, मंदगती, जमिनीला घासत जाणारी गिटार एका बाजूने आणि पंक संगीताची अधीर, ओबडधोबड बंडखोरी दुसऱ्या बाजूने येऊन मिळाली. गिटारचा स्वर मुद्दाम फाडून, खरखरीत करून सोडणारी पायाने दाबायची जी लहान यंत्रे असतात त्यांचा सढळ वापर झाला. इतका की मडहनी ह्या बँडने १९८८ सालच्या आपल्या ध्वनिमुद्रिकेला 'सुपरफझ बिगमफ' हे जे नाव दिले ते अशाच दोन यंत्रांचे आहे. एखाद्या पखवाजियाने आपल्या ग्रंथाला कणकेचे आणि शाईचे नाव द्यावे, त्यातला हा प्रकार. अनेक गाण्यांत गिटारची सर्वांत जाड तार नेहमीपेक्षा खाली उतरवून लावलेली असते. त्यामुळे स्वराला जी घनगंभीर घरघर येते ती, थोरल्या भाच्याच्या मते, त्या प्रदेशातील नऊ महिने न उघडणाऱ्या आभाळाची आहे. धाकट्याच्या मते ती केवळ उतरवलेल्या तारेची आहे.

ह्या दोघांच्या वादाचा आरंभ मी डोळ्यांनी पाहिला आहे. १९९२-९३ चा सुमार. उपग्रहावरून येणारी एमटीव्ही वाहिनी केबलवाल्याने आमच्या पेठेतल्या वाड्यात नुकतीच आणून सोडली होती. बहीण उन्हाळ्यात मुलांना घेऊन माहेरी येई, आणि हे दोघे माजघरातल्या टेपरेकॉर्डरपुढे पालथे पडून एकच कॅसेट उलटसुलट वाजवीत. फीत गुंतली की सहा कोनांची पेन्सिल चाकाच्या दात्यांत घालून ती फिरवीत बसणे हा त्यांचा नित्याचा विधी. थोरल्याचा देव निर्व्हाना, धाकट्याचा पर्ल जॅम. थोरल्याने कोठून तरी चौकड्यांचा जाड फ्लॅनेलचा सदरा पैदा केला होता. सिॲटलच्या आसपास जंगलतोड करणारे कामगार थंडीपावसाकरिता असे सदरे घालीत, जुन्या कपड्यांच्या दुकानात ते स्वस्त मिळत, म्हणून तेथील निष्कांचन गवय्यांच्या अंगावर ते आले. आमचा हा वीर मात्र तोच सदरा पुण्याच्या वैशाखात, घामोळ्यांनी अंग फुलले असता, श्रद्धेने घालून बसे. आईने एकदा तो धुऊन, खळ घालून, कडक इस्त्री करून ठेवला तेव्हा घरात जो आकांत झाला त्याचे वर्णन मी करीत नाही.

आता ज्या बँडांपायी हे वितुष्ट, त्यांची वंशावळ पाहावी. मला तर ती हाती पडताच हा मामला ओळखीचा वाटू लागला. १९८४ साली सिॲटलमध्ये ग्रीन रिव्हर नावाचा बँड निघाला. त्यात पूर्वोक्त मार्क आर्म होता, स्टीव्ह टर्नर होता, स्टोन गॉसर्ड आणि जेफ अमेंट होते. १९८७ च्या अखेरीस हे कुटुंब विभक्त झाले. भांडणाचे कारण तेच, जे पुढे तीस वर्षे रसिकांच्या जिभेवर राहिले: मोठ्या कंपनीच्या आश्रयाला जावे की आपल्या परसात स्वतंत्र राहावे. आर्म आणि टर्नर ह्यांनी मडहनी काढला. गॉसर्ड आणि अमेंट अँड्र्यू वुड ह्या नाटकी, हौशी, झगमगीत गायकाच्या साथीने मदर लव्ह बोनमध्ये गेले. १९ मार्च १९९० रोजी, पहिली मोठी ध्वनिमुद्रिका बाजारात येण्याआधीच, वुड अमली पदार्थाने गेला. त्याच्याबरोबर पूर्वी एका बिऱ्हाडात राहिलेला साउंडगार्डनचा गायक क्रिस कॉर्नेल ह्याने शोकाची म्हणून गाणी रचली, गॉसर्ड-अमेंट ह्यांना हाताशी घेतले, आपल्या बँडचा ढोलवादक मॅट कॅमेरॉन दिला, आणि १९९१ साली 'टेम्पल ऑफ द डॉग' ह्या नावाने ती श्राद्धाची सामग्री प्रसिद्ध झाली. त्यात एका गाण्यात जो दुसरा, खर्जातला आवाज लागतो तो एडी व्हेडरचा. हा इसम सॅन डिएगोच्या एका पेट्रोल पंपावर रात्रपाळी करीत असे. कोणी मध्यस्थाने पोचवलेल्या कॅसेटवरील नुसत्या वाद्यसंगीतावर त्याने आपले शब्द गाऊन ती परत धाडली होती, आणि त्या एका टपालाने पर्ल जॅमचा जन्म झाला. कॅमेरॉन १९९८ साली त्याच पर्ल जॅममध्ये रुजू झाला. निर्व्हानाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत काही गाण्यांवर ढोल वाजवणारा मेलव्हिन्स बँडचा, 'स्लिव्हर' ह्या १९९० सालच्या तबकडीवर वाजवणारा मडहनीचा. ज्यांच्या नावाने दोन भाचे एकमेकांशी आठ-आठ दिवस अबोला धरीत, ते लोक एकमेकांची वाद्ये, साथीदार आणि राहण्याच्या खोल्या वापरीत होते. म्हणजे मिळकत एकत्र कुटुंबाची, आणि वाटणीचा दावा लावणारे त्रयस्थ! माझ्या शिरस्तेदारीच्या काळात असा दावा नंबरावर चढलाच नसता.

तरी तो चढला आहे, आणि त्यातला पहिला मुद्दा वडिलकीचा. सामान्य समज असा की हा सारा पूर निर्व्हानाने आणला. कर्ट कोबेन, क्रिस्ट नोव्होसेलिक आणि डेव्ह ग्रोल ह्या तिघांची 'नेव्हरमाइंड' ही ध्वनिमुद्रिका २४ सप्टेंबर १९९१ रोजी बाहेर पडली आणि पुढल्या जानेवारीत तिने मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला बिलबोर्डच्या यादीतील पहिल्या स्थानावरून खाली ओढले. थोरल्याचे पहिले प्रकरण ह्या एका तारखेभोवती प्रदक्षिणा घालते. त्यावर धाकटा दाखले काढतो. पर्ल जॅमची 'टेन' त्याआधी, २७ ऑगस्टला आली. ॲलिस इन चेन्सची 'फेसलिफ्ट' तर १९९० चीच. मोठ्या कंपनीशी करार करण्यात साउंडगार्डन ह्या सर्वांच्या पुढे. आणि मुळाशी जायचे तर १९८६ साली 'डीप सिक्स' ही जी संयुक्त तबकडी निघाली तीवर ग्रीन रिव्हर, मेलव्हिन्स, साउंडगार्डन सारे आहेत, निर्व्हाना मात्र नाही. हा भाग मी फार काळजीने वाचला. पण दस्तऐवजाची नोंदणी आधी झाली म्हणून कब्जा आधीचा ठरतोच असे नाही, हे मी दफ्तरातच शिकलो होतो, आणि वडिलकीच्या वादात मला फारसा रस उरलेला नाही.

ह्याहून पुष्कळ मोलाची मला ती पाने वाटली जिथे हे दोघे तारखा टाकून कानांवर येतात. 'टेन'चेच पाहा. तिचे अंतिम ध्वनिमिश्रण टिम पामर ह्या तंत्रज्ञाने इंग्लंडातील डॉर्किंगजवळ, गावाबाहेरच्या एका स्टुडिओत केले. 'ओशन्स' ह्या गाण्याला तालवाद्य हवे होते आणि वाद्यांचे दुकान जवळपास नव्हते, म्हणून त्याने मिरपुडीची डबी आणि आग विझवायचे नळकांडे वाजवून वेळ निभावली, आणि ध्वनिमुद्रिकेच्या श्रेयनामावलीत त्या दोन वाद्यांची रीतसर नोंद आहे. ह्या मिश्रणात आवाजाभोवती घुमारा पुष्कळ आहे, जणू सारे जण एखाद्या रिकाम्या गोदामात गात आहेत. पुढे खुद्द बँडलाच तो घुमारा खटकू लागला, आणि २००९ साली ब्रेंडन ओब्रायन ह्याच्याकडून सबंध ध्वनिमुद्रिकेचे नवे, कोरडे मिश्रण करवून घेण्यात आले. धाकट्याने जुन्या मिश्रणाची बाजू घेऊन तेवीस पाने लिहिली आहेत. वरकरणी हा हट्ट वाटेल, पण त्याने मला हेडफोन लावून बसवले, एकच कडवे आधी जुने, मग नवे, मग पुन्हा जुने असे ऐकवले, आणि तिसऱ्या वेळी माझ्या ध्यानात आले की नव्यात व्हेडर माझ्या खोलीत येऊन गातो आणि जुन्यात तो दूर कुठे तरी एकटा असतो. ज्या पोराने हे गाणे सोळाव्या वर्षी माजघरात पालथे पडून ऐकले, त्याला तो एकटेपणा काढून घेतल्यासारखे वाटले तर नवल नाही.

थोरल्याचा मुद्दा ह्याच्या नेमका उलट आहे. निर्व्हानाची पहिली ध्वनिमुद्रिका 'ब्लीच' जॅक एंडिनोच्या स्टुडिओत ६०६ डॉलर १७ सेंट इतक्या खर्चात झाली; 'नेव्हरमाइंड'वर मात्र बुच व्हिगच्या मुद्रणानंतर अँडी वॉलेसने मिश्रणाचा असा हात फिरवला की ती गुळगुळीत झाली, आणि कोबेनलाही पुढे ती तशी वाटली. म्हणून १९९३ च्या फेब्रुवारीत 'इन युटेरो'साठी त्यांनी मिनेसोटातील एका आडबाजूच्या स्टुडिओत स्टीव्ह अल्बिनीला गाठले. हा गृहस्थ कंपन्यांवर दात ठेवून असे. विक्रीवरील हिस्सा तो घेत नसे, प्लंबरप्रमाणे कामाचा ठरीव मोबदला घ्यावा आणि चालते व्हावे, हे त्याने बँडला लेखी कळवले होते. काम झाल्यावर कंपनीची कुरकुर सुरू झाली, खुद्द बँडच्याही मनात शंका आली, आणि 'हार्ट-शेप्ड बॉक्स' व 'ऑल अपॉलजीज' ही दोन गाणी स्कॉट लिट ह्याच्याकडून पुन्हा मिश्रित करवून घेतली गेली. थोरल्याच्या मते हा खाडाखोड केलेला दस्तऐवज होय. मला विचाराल तर लिटने आवाज जरासा पुढे ओढला म्हणून मूळ मजकुराला बाध आलेला नाही. पण ही खाडाखोड दाखवून देण्याकरिता त्याने जे श्रम घेतले आहेत ते कोणत्याही संगीतसमीक्षकाने पाहण्याजोगे आहेत.

'खरे कोण' हा मुद्दा मात्र असा आहे की तेथे रसिकांची मती गुंग होते. शहराची कीर्ती झाल्यावर न्यूयॉर्कच्या फॅशनवाल्यांनी फ्लॅनेलच्या सदऱ्याची रेशमी आवृत्ती काढली, आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या एका वार्ताहराला ग्रंजवाल्यांच्या खास बोलीचा कोश हवासा झाला. सब पॉप ह्या सिॲटलच्या ध्वनिमुद्रण संस्थेत पूर्वी काम केलेल्या मेगन जॅस्पर ह्या बाईंना त्याने दूरध्वनी केला. त्यांनी मनाला येतील ते शब्द जागच्या जागी रचून सांगितले, फाटक्या विजारीला 'वॅक स्लॅक्स', ऐट नसलेल्या इसमाला 'लेमस्टेन', आणि १५ नोव्हेंबर १९९२ च्या अंकात तो कोश गंभीरपणे छापून आला. सारी फसवणूक उघडकीस आल्यावर सिॲटलकर पोट धरून हसले. ह्याच बाई पुढे सब पॉपच्या प्रमुख झाल्या. पण ह्याच 'खरेपणा'च्या वेडाने अन्यायही झाला. स्टोन टेम्पल पायलट्स हा बँड सिॲटलचा नव्हे, सॅन डिएगोचा. त्यावर नकलेचा आरोप झाला, आणि १९९४ च्या आरंभी रोलिंग स्टोन मासिकाच्या कौलात वाचकांनी त्याला उत्कृष्ट नवा बँड ठरवले तर त्याच अंकात समीक्षकांनी निकृष्ट. व्हेडरही सॅन डिएगोहूनच आला होता, हे त्या समीक्षकांना कोणी सुचवले नसावे. दोघे भाचे ह्या बँडविरुद्ध मात्र एक होतात, आणि सबंध ग्रंथात मला त्यांचा हा एकोपाच तेवढा अप्रामाणिक वाटतो. मी स्वतः 'कोअर' ही त्यांची १९९२ सालची ध्वनिमुद्रिका दोनदा ऐकली आणि तिसऱ्यांदा ऐकण्याचा विचार आहे.

स्त्रियांना ह्या ग्रंथात एकच प्रकरण मिळाले आहे, आणि तेही दोघांनी बहुधा माझ्या बहिणीच्या धाकाने लिहिले. होल ह्या बँडची 'लिव्ह थ्रू धिस' १२ एप्रिल १९९४ रोजी, म्हणजे कोबेनचा मृतदेह सापडल्यानंतर चौथ्या दिवशी निघाली, आणि तेव्हापासून त्या बँडची गायिका आणि कोबेनची पत्नी कोर्टनी लव्ह हिचे नाव निघाले की चर्चा तिच्या गाण्यांवरून तिच्या वैधव्याकडे सरकते. विधवेच्या वाट्याला नेहमी पोटगी आणि प्रवाद येतात, हिस्सा येत नाही. एल सेव्हन ह्या स्त्रियांच्या बँडविषयी तर अवघी दीड ओळ आहे.

एका गाण्याच्या चर्चेपाशी मात्र मी थांबलो, आणि ती सगळ्यांत लांबली आहे ते योग्यच झाले. १८ नोव्हेंबर १९९३ रोजी निर्व्हानाने न्यूयॉर्कमध्ये एमटीव्हीसाठी विजेच्या खरखराटाविना बैठक केली. मंचावर लिलीची फुले आणि काळ्या मेणबत्त्या होत्या, आणि कोबेनने आपल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याला त्या दिवशी हातही लावला नाही. शेवटचे गाणे त्याचे नव्हतेच. ते अपालाचियन डोंगराळ मुलखातील एक जुने लोकगीत, जे लेडबेली ह्या कृष्णवर्णीय गायकाच्या तोंडून, तो १९४९ साली वारण्यापूर्वी, ध्वनिमुद्रित झाले होते. परंतु कोबेनने ते त्या दिवशी प्रथम गायले असेही नाही. स्क्रीमिंग ट्रीज बँडचा मार्क लॅनगन ह्याच्या १९९० सालच्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेवर तेच गीत आहे, आणि त्यावर कोबेन व नोव्होसेलिक साथीला आहेत. म्हणजे जे गाणे थोरला निर्व्हानाचे सर्वश्रेष्ठ गाणे म्हणून पुरावा दाखल करतो, त्याच्या सातबाऱ्यावर डोंगरातल्या निनावी बायाबापड्या आहेत, लेडबेली आहे, लॅनगन आहे, आणि अगदी खाली कोबेनचे नाव. धाकट्याने ही नोंद विजयाच्या उन्मादात काढली, पण मग त्याचीच लेखणी अडखळली. कारण अखेरच्या ओळीपूर्वी कोबेन जो श्वास घेतो, डोळे उघडतो आणि क्षणभर थांबतो, त्या क्षणाबद्दल त्याला दोन पाने लिहावीशी वाटली, आणि ती दोन पाने ग्रंथातील सर्वोत्तम आहेत. ती पर्ल जॅमवाल्याने लिहिली आहेत.

ह्या मंडळींतील किती जण आज नाहीत, हे मी मोजत बसत नाही. कोबेन ५ एप्रिल १९९४ ला गेला, ॲलिस इन चेन्सचा लेन स्टेली २००२ साली त्याच तारखेला, कॉर्नेल मे २०१७ मध्ये. तारखांच्या ह्या योगायोगावर रसिक जे गूढ मजले चढवतात ते मला रुचत नाहीत. ॲलिस इन चेन्सच्या 'डर्ट'मधील 'रूस्टर' हे गाणे त्याच बँडच्या जेरी कॅन्ट्रेलने व्हिएतनामच्या युद्धात लढलेल्या आपल्या बापावर रचले आणि स्टेलीने गायले. त्यात त्या दोघांचे स्वर एकमेकांना किंचित ओरखडत जे जातात, ते ऐकताना मरणाची तारीख आठवण्याचे कारण नाही.

आपल्याकडील वाचकाला कोठे तरी ओळखीचा उंबरा हवा असतो, म्हणून एवढे सांगतो की साउंडगार्डनचा गिटारवादक किम थायिल ह्याचे आईवडील केरळातले. ह्या माहितीने दोघांच्या वादात काही फरक पडलेला नाही, फक्त बहिणीला तेवढ्यापुरता तो बँड घरचा वाटू लागला आहे.

फैसला द्यावा असे मला सांगण्यात आले होते. तो मी देत नाही. कारण मला स्वतःला, आजवर कोणाला सांगितले नाही पण, मडहनी आवडतो, आणि न्यायाधीशाच्याच हितसंबंधाचा दावा त्याच्यापुढे चालू नये हा जुना नियम आहे. ज्यांनी कंपनीकडे पाठ फिरवून 'टच मी आय एम सिक'सारखे वेडेवाकडे, घसा ओरबाडणारे गाणे केले आणि मोठेपण दुसऱ्यांच्या दारी गेले तरी त्याबद्दल कडवटपणा न दाखवता हसतखेळत वाजवीत राहिले, ते मला पटतात. थोरल्याने हे ऐकून 'मामा, तू फितूर आहेस' म्हटले. धाकट्याने 'निदान निर्व्हाना तरी नाही' एवढ्यावर समाधान मानले.

प्रस्तावनेचा हा मजकूर मी दोघांना वाचायला धाडला होता. तो काल परत आला. समासात थोरल्याच्या पेन्सिलीने लिहिले आहे, 'टॅडचे नाव कोठेच नाही, हे कसे?' आणि त्याच्याखाली धाकट्याच्या लाल शाईत, 'प्रथमच सहमत. शिवाय मेलव्हिन्सना दोन ओळी?'